शिक्षकाने मनाच्या आजारासाठी रजा घेतली तर दाखल्यावर काय लिहितात?

माणगंगा
मंडळी, नमस्कार. इथला जुना वाचक आहे, लिहायची वेळ फारशी येत नाही. आज अडलंय म्हणून लिहितो.

मिसेस जिल्हा परिषद शाळेवर आहे. २००४ ला शिक्षणसेवक म्हणून लागली, तेव्हा मानधन तीन हजार. सध्या आमच्या दुष्काळी तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेवर, पट ३१, पहिली ते चौथी. जोडीचे सर गणपतीच्या आसपास बदलीने गेले. त्यांच्या जागेवर अजून कोणी आलेलं नाही. म्हणजे चारही वर्ग, मुख्याध्यापकाचा चार्ज, पोषण आहाराचा हिशोब आणि बीएलओची (मतदार नोंदणीची) यादी, सगळं हिच्या एकटीकडे.

दोन महिने झाले, पहाटे तीनला उठते आणि पहिला फोन बघते. ग्रुपवर काही आलंय का. झोपेत एकदा स्पष्ट आवाजात म्हणाली, "हो सर, पाठवते सर." आम्ही हसलो त्यावर. हसायला नको होतं.

भाऊबीजेला माझा मेहुणा पाटावर बसला होता. हिने ताट हातात घेतलं, निरांजन लावलेलं, आणि फोन वाजला. कसली तरी लिंक, दुपारी एकपर्यंत भरायची. सुट्टी चालू असताना. हिने ताट खाली ठेवलं आणि जाऊन बसली गुगल शीट भरायला. रेंज नव्हती म्हणून गच्चीवर गेली. मेहुणा पाऊण तास पाटावर. वात विझली, आईने परत लावली, परत विझली.

सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवशी स्कूटीला किल्ली लावली आणि तशीच बसून राहिली. मी दुकानाला निघालो तेव्हा बघितलं तर डोळ्यांतून पाणी चाललंय, आवाज नाही. घरच्या डॉक्टरांनी बीपी बघितलं, वाढलेलं निघालं. म्हणाले मानसोपचारवाल्यांना दाखवा आणि महिनाभर रजा टाका.

ही ऐकत नाही. म्हणते, दाखल्यावर "मानसिक" असं लिहून आलं की झालं. सर्व्हिस बुकला नोंद होणार, केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांत, बोभाटा होणार, उद्या पालक म्हणणार वेड लागलेल्या बाईकडे पोरं कशाला पाठवायची. शिवाय मी रजेवर गेले तर शाळेचं कुलूप कोण काढणार, हा प्रश्न आहेच.

तर कोणाला अनुभव आहे का? दाखल्यावर नेमकं काय लिहितात? नोकरीवर परिणाम होतो का?

केतकीचं_बन
वाचून पोटात कालवलं. वहिनींना सांभाळा. डॉक्टरकडे मात्र आधी न्या, दाखल्याचं नंतर बघता येईल.

निरंक
अत्यंत तातडीचे. सर्व मुख्याध्यापक. तणावग्रस्त शिक्षकांची माहिती विहित नमुन्यात सोबतच्या लिंकवर आज दुपारी ११ वाजेपर्यंत भरावी. ताण नसल्यास निरंक अहवाल सादर करावा. विलंब झाल्यास सर्वस्वी जबाबदारी तणावग्रस्त शिक्षकाची राहील.

(माणगंगा, माफ करा. वीस वर्षं हेच वाचतोय, दुसरी भाषाच येत नाही आता.)

खडूफळा
निरंक, "दुपारी ११" हे मुद्दाम लिहिलंत की सवयीने?

निरंक
आमच्याकडे पत्र ११:४० ला पडतं आणि माहिती ११ ला हवी असते. दुपार काय नि सकाळ काय.

रोखठोक_पुणेकर
वाईट वाटून घेऊ नका, पण शिक्षकांचा ताण हे प्रकरण जरा फुगवलेलं वाटतं. उन्हाळा, दिवाळी, गणपती मिळून किती दिवस सुट्ट्या? सातवा वेतन आयोग. पाचला घरी. मी आयटीत आहे, रात्री अकराला अमेरिकेशी कॉल असतो, आमच्यासाठी कोणी धागा काढत नाही. बीएलओचं तर मानधन मिळतं, आता वर्षाला १२ हजार केलंय ना ते?

केतकीचं_बन
तुम्ही काढा की धागा. कोणी हात धरलाय?

डोंगरवाट
रोखठोक, वर्षाला १२ म्हणजे महिन्याला हजार. त्यात बाईंनी उन्हात घरोघर फिरून मेलेल्यांची नावं वगळायची आणि जिवंत माणसांच्या शिव्या खायच्या. तुमच्या कॉलचा दर काढा आता.

खडूफळा
रोखठोक यांना राग न धरता उत्तर देतो, कारण माझा सख्खा भाऊही हेच म्हणतो, आणि तोही पुण्यातच आहे.

मी गेली १९ वर्षं प्राथमिकला आहे. शिकवण्याचा ताण मला कधी आला नाही. पहिलीचं पोर पहिल्यांदा स्वतःहून पाटी वाचतं तेव्हा आम्हाला आजही गंमत वाटते. ताण आहे तो शिकवू न देण्याचा. परवाचा माझा दिवस सांगतो. परिपाठ झाला. तांदूळ मोजून दिला. आमच्याकडे पट ४२, म्हणजे पहिली ते पाचवीला १०० ग्रॅमने ४ किलो २०० ग्रॅम. आमचा काटा २०० ग्रॅम दाखवत नाही, ते अंदाजाने. मग हजेरी ॲपवर, जेवणाऱ्यांचा आकडा दुसऱ्या ॲपवर. तेवढ्यात एका मुलीच्या आधारवर नाव "वैष्णवी" आणि आमच्या रजिस्टरला "वैश्नवी", म्हणून ती ऑनलाइनला जुळेना. आधार वैध नाही तर ते मूल संचमान्यतेत, म्हणजे शिक्षकांची पदं ठरवताना, धरत नाहीत. मूल धरलं नाही की पट कमी, पट कमी की शिक्षकाचं पद जातं. एका "ष"साठी मी वैष्णवीच्या आजोबांना गाडीवर घालून तालुक्याला आधार केंद्रावर नेलं. वैष्णवी वर्गात बसून होती, तिसरीचा भागाकार तसाच राहिला.

शिक्षणहक्क कायद्याचं कलम २७ काय म्हणतं? दर दहा वर्षांची जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं अशैक्षणिक काम देऊ नये. कायदा २०१० पासून लागू आहे. प्रत्यक्षात जानेवारी २०२४ मध्ये मागासवर्ग आयोगाचं सर्वेक्षण आम्हीच केलं. कोरोनात आम्ही चेकपोस्टवर उभे होतो. २०२४ च्याच ऑगस्टमध्ये कोणतं काम शैक्षणिक आणि कोणतं अशैक्षणिक याची वर्गवारी करणारा शासन निर्णय निघाला. तो मिळाल्याची पोच आम्ही लिंकवर भरली.

आता जनगणना यायचीच आहे.

टवाळ_तात्या
शेवटून दुसरं वाक्य फ्रेम करून शाळेत लावा.

वऱ्हाडी_ठसका
इथं सगळे पगारवाले जमले दिसतात. मी विनाअनुदानित माध्यमिकवर आहो, १६ वं वर्ष चालू आहे. "कायम विनाअनुदानित"मधला "कायम" हा शब्द सरकारनं २००९ ला काढला. आम्ही पेढे वाटले होते. तवापासून अनुदानाचा टप्पा टप्पा चालू आहे. वीस टक्के, मग चाळीस, मग आंदोलन. २०२५ च्या जुलैमध्ये आझाद मैदानावर चिखलात बसलो होतो, त्यातला मी एक.

ताण म्हणजे काय सांगू. दहावीला गणित शिकवतो आन् संध्याकाळी साडूच्या रसवंतीवर बसतो. मागल्या उन्हाळ्यात माझ्याच वर्गातला पोरगा आईबापासंग आला. "सर, तुम्ही?" म्हणला. मी म्हणलं, साडूला मदत. ग्लास देताना हात थरथरत होता माझा. पोरगं समजदार होतं, दुसऱ्या दिवशी वर्गात काही बोललं नाही. पण मी दोन महिने त्या बाकाकडं पाहून शिकवू शकलो नाही.

तुमच्या मिसेसचा त्रास खरा आहे भाऊ, मी कमी लेखत नाही. पण रजा टाकायला आधी पगार लागतो. आमचा तर ताणही विनाअनुदानितच.

खडूफळा
ठसका, यावर बोलायला तोंड नाही आमच्याकडे.

मुंबईकर_मिस
खाजगी इंग्रजी माध्यमाचंही ऐका. आमच्याकडे लिंक शासन पाठवत नाही, पालक पाठवतात. चौथीच्या वर्गाचा ग्रुप, ३८ मुलं म्हणजे ६० आया-बाबा. रात्री सव्वादहाला "मिस, आरवची पाण्याची बाटली हरवली, कृपया लक्ष द्या." पाठोपाठ तेरा जणांचे अंगठे. एकदा मी दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर दिलं, तर प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये बोलावणं. पालकांना म्हणे "असुरक्षित" वाटलं.

आणि पगार. कागदावर एक, हातात एक. उरलेला रोख परत द्यायचा. शाळेचं नाव सांगत नाही, पण सांगितलं तरी काय, निम्म्या वाचणाऱ्यांना आपलीच वाटेल.

डोंगरवाट
यांचं ऐकून झालं, आता जरा आमचंही. माझं गाव सह्याद्रीच्या कुशीत, एसटी दिवसातून दोनदा. आमचे गुरुजी ६० किलोमीटरवरून अपडाऊन करतात. पावसाळ्यात ११ला येतात, ३:३० ची गाडी पकडतात. मुख्यालयी राहतो म्हणून घरभाडे भत्ता घेतात आणि त्यासाठी ग्रामसभेचा ठराव आमच्याच सरपंचाकडून सही करून नेतात. पोरं चौथीला जाऊन जोडाक्षर वाचेना. मग आम्हाला कसला ताण आला, ते कोण विचारणार?

खडूफळा
डोंगरवाट, असे लोक आहेत. मी नाही म्हणणार नाही. २०२२ ला विधानसभेत हाच मुद्दा गाजला आणि शिक्षकांनी मोर्चा काढला, त्यात मीही होतो. घोषणा देताना मला आमच्या केंद्रातले दोघे आठवत होते, ज्यांच्यावर तुमचं म्हणणं तंतोतंत लागू पडतं. पण एक बघा. लिंक भरली नाही म्हणून कारणे दाखवा नोटीस आलेले शिक्षक मी शेकड्याने बघितलेत. जोडाक्षर येत नाही म्हणून नोटीस आलेला एक दाखवा. जे मोजलं जातं तेच माणूस सांभाळतो.

रोखठोक_पुणेकर
हे पटलं. आमच्याकडेही तेच, वेगळ्या नावाने.

चावडीवरचा
मी केंद्रप्रमुख आहे. ज्याच्या नावाने तुम्ही सगळे बोटं मोडताय तो. लपूनछपून वाचत होतो, आता राहवेना.

लिंक मी तयार करत नाही हो. मला तालुक्यावरून दहाला येते, "साडेदहापर्यंत केंद्राचा एकत्रित अहवाल द्या." तालुक्याला जिल्ह्यावरून साडेनऊला आलेली असते. माझ्याकडे १४ शाळा आणि शेजारच्या केंद्राचा अतिरिक्त चार्ज, म्हणजे २७. मी २७ फोन करतो. सव्वीस जण माहिती देतात, सत्ताविसावा डोंगरात, रेंज नाही. व्हीसीत (ऑनलाइन बैठकीत) माझं केंद्र लाल रंगात दिसतं आणि सगळ्या तालुक्यासमोर माझं नाव घेतलं जातं. मग मी त्या सत्ताविसाव्याला जे बोलतो ते मला रात्री आठवतं. परवा एका बाईंना फोनवर बोललो, त्या काहीच बोलल्या नाहीत, नुसता श्वास ऐकू आला. हा धागा वाचल्यापासून वाटतंय त्या माणगंगांच्या मिसेस तर नसतील.

माणगंगा
नसाव्यात साहेब. आमचे केंद्रप्रमुख निवृत्त होऊन दीड वर्ष झालं, जागा रिकामीच आहे.

टवाळ_तात्या
म्हणजे ओरडायलाही कोणी नाही! द्विशिक्षकी शाळेत एक, केंद्रात शून्य. सरासरी निघाली बघा.

साळुंकी
अवांतर आहे, पण टीईटीचं, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचं, कोणीच काढलं नाही अजून? सर्वोच्च न्यायालयाचा १ सप्टेंबर २०२५ चा निकाल. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त आहेत त्या सगळ्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायची, नाहीतर घरी. माझं वय ४७. आपल्याकडे टीईटी सुरूच झाली २०१३ ला, मी लागले त्याच्या दहा वर्षं आधी. १५० पैकी ९० मिळवायचे. २३ नोव्हेंबरला पेपर. मुलगा बारावीला आणि मी टीईटीला, दोघं एकाच टेबलावर बसतो. काल त्याने माझा सराव पेपर तपासला, ७१ आले. म्हणाला, "आई, ठीक आहे, पहिल्यांदाच आहे ना."

निरंक
त्यात ३० गुण बालमानसशास्त्राला. प्रौढ मानसशास्त्राचा पेपर मात्र कोणी काढत नाही.

खडूफळा
माणगंगा, वहिनींनाही टीईटी लागू होत असणार. २००४ च्या म्हणजे अजून बरीच वर्षं असतील.

माणगंगा
हो. बारा वर्षं आहेत. पुस्तक आणून ठेवलंय, प्लॅस्टिकही काढलं नाही.

रोखठोक_पुणेकर
पण सर्जनला परीक्षा, वकिलाला परीक्षा, मग शिक्षकाला का नको?

साळुंकी
परीक्षेला ना नाही. सर्जनने वीस वर्षं पोटं फाडल्यावर त्याला परत प्रवेश परीक्षेला बसवत नाहीत, एवढंच म्हणणं. असो. या विषयावर वेगळा धागा आहे, तिकडे भांडू.

थेम्सकाठची
इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेत नऊ वर्षं शिकवते, मूळची कोल्हापूरची. इथे ऑफस्टेड नावाची तपासणी यंत्रणा आहे. परवापर्यंत पूर्ण शाळेला एका शब्दात शेरा मिळायचा, उत्कृष्टपासून अपुरीपर्यंत. रीडिंग शहरातल्या एका शाळेचा शेरा वरच्या टोकावरून थेट खालच्या टोकाला आला आणि जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या मुख्याध्यापिकेने जीव दिला. डिसेंबर २०२३ मध्ये कॉरोनरने (मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने) सांगितलं की त्या तपासणीचा यात वाटा होता. सप्टेंबर २०२४ पासून तो एका शब्दाचा शेरा बंद झाला. तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, सगळे कपातल्या चहाकडे बघत बसलो.

माणगंगांच्या मूळ प्रश्नाशी संबंध एवढाच की इथे आजारपणाचे पहिले सात दिवस दाखला लागतच नाही, स्वतःच लिहून द्यायचं. पुढे डॉक्टर "फिट नोट" देतात आणि तिच्यावर सरळ "कामाचा ताण" असं लिहितात. मी २०२१ ला तीन आठवडे रजा घेतली होती. आईला मात्र अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतं, मला कावीळ झाली होती.

टवाळ_तात्या
कोल्हापूर ते लंडन, कावीळ सगळीकडे चालते.

समईची_वात
मी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात समुपदेशक म्हणून काम करते. जरा सविस्तर लिहिते.

आधी माणगंगांसाठी. पहाटे तीनला जाग येणं, आवाज न करता रडणं, रोजची साधी गोष्ट सुरूच न करता येणं हे महिना-दोन महिने चालू असेल तर "थोडा ताण आहे, होईल कमी" म्हणून सोडू नका. डॉक्टरांनी सुचवलं ते बरोबर सुचवलं. बहुतेक जिल्हा रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी असते, केसपेपर काढून इतर आजारांसारखंच दाखवायचं. तिथपर्यंत जायची तयारी नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर लावा. तो चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. वहिनी कधी जिवाचं काही बोलल्या, "मी नसले तर सुटेन" असलं काही, तर मात्र दाखला, रजा, शाळा काही बघायचं नाही, त्यांना एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी न्यायचं.

दुसरं म्हणजे, इथे सगळे ताण, ताण म्हणतायत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये "बर्नआउट"ची व्याख्या केली. त्याला त्यांनी आजार म्हटलेलं नाही, कामाच्या ठिकाणी घडणारी गोष्ट म्हटलंय. त्यात तीन गोष्टी येतात: माणूस पार थकतो, कामाविषयी मन विटतं आणि आपल्याला काहीच जमत नाही असं वाटायला लागतं. माझ्याकडे येणारे शिक्षक पहिलीबद्दल बोलतात आणि तिसरीबद्दल रडतात. दुसरी मात्र कबूल करत नाहीत. "मला मुलांचा राग यायला लागलाय मॅडम," हे वाक्य बाहेर पडायला तीन-तीन भेटी लागतात. चांगल्या शिक्षकालाच ते जास्त लागतं.

आणि बर्नआउटवर नैराश्य चढलेलं असू शकतं. त्याला औषध लागतं. त्या गोळ्यांची झोपेच्या गोळ्यांसारखी सवय लागत नाही, गुण यायला काही आठवडे लागतात आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायच्या नसतात.

वऱ्हाडी_ठसका
"मुलांचा राग यायला लागलाय." हे वाचून उठून बाहेर जाऊन आलो.

सह्यांकित_प्रत
सगळ्यांचं झालं असेल तर मूळ प्रश्नाचं उत्तर देऊ का? इतक्या प्रतिसादांत एकानेही दिलेलं नाही. मी पंचायत समितीत आस्थापनेला आहे, सर्व्हिस बुकं माझ्याच कपाटात असतात.

आजारपणासाठी बहुतेक जण परिवर्तित रजा घेतात. वर्षाला २० दिवस अर्धवेतनी रजा खात्यावर जमा होते. वैद्यकीय दाखल्यावर ती पूर्ण पगारी करून घेता येते, फक्त खात्यातून दुप्पट दिवस जातात. २००४ पासून नोकरी म्हणजे मिसेसच्या खात्यावर शंभराने दिवस पडून असतील. सर्व्हिस बुकला नोंद काय होते? "परिवर्तित रजा, अमुक ते अमुक, वैद्यकीय कारणास्तव." बस. आजाराचं नाव मी आजपर्यंत कुठल्या सर्व्हिस बुकात लिहिलेलं नाही. दाखला रजेच्या प्रकरणाला लागतो, तो फायलीत राहतो.

नोकरी जाते का? नाही. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चं कलम २० आहे, नोकरीत असताना अपंगत्व आलं तरी सरकारी आस्थापनेला त्या माणसाला काढता येत नाही की पद खाली आणता येत नाही, आणि त्या कायद्याच्या यादीत मानसिक आजारही आहे. इथे तर नुसती महिनाभराची रजा आहे. मानसिक आरोग्य कायदा २०१७ नुसार उपचाराची माहिती गुप्त ठेवणं हाही रुग्णाचा हक्क आहे. म्हणजे आमचा शिपाई ती फाईल वाचून चहाच्या टपरीवर बोलला तर चूक त्याची.

(तो बोलतो. खोटं कशाला सांगू.)

केतकीचं_बन
कंसातलं वाक्य वाचून वहिनींची भीती कळली.

साळुंकी
म्हणूनच माझ्या बहिणीच्या डॉक्टरांनी दाखल्यावर "उच्च रक्तदाब" लिहिलं. बीपी खरंच वाढलेलं होतं, खोटं काही नाही. वहिनींचंही वाढलंय म्हणताय, तेच लिहून घ्या आणि मोकळं व्हा.

समईची_वात
मला हे पटत नाही. प्रत्येकाने बीपी लिहिलं तर कागदावर महाराष्ट्रातल्या शिक्षकांना फक्त बीपीच आहे असं दिसणार. ज्याची नोंद नाही त्यासाठी कोणी काही करत नाही.

साळुंकी
ताई, नोंद व्हावी म्हणून माझ्या बहिणीने गावभर का सहन करायचं? आधी तुमच्या खात्याने तो शिपाई बदला.

समईची_वात
बरोबर आहे तुमचं. मी ऑफिसात बसून बोलतेय.

खडूफळा
मी सांगतो माझं. इतका वेळ हात आखडता घेतला होता. २०१९ ला मी २६ दिवस रजेवर होतो. दाखल्यावर सरळ लिहिलं होतं, चिंताविकार आणि निद्रानाश. डॉक्टरांनी विचारलं होतं काय लिहू, मी म्हटलं जे आहे ते. धाडस वगैरे नव्हतं, विचार करायची ताकदच नव्हती. काय झालं? दोघा-तिघांनी चेष्टा केली, "सर येरवड्याला जाऊन आले." एकाने सगळ्यांसमोर केली. तोच पंधरा दिवसांनी रात्री घरी आला, गाडी लांब लावून, आणि डॉक्टरचा नंबर घेऊन गेला. नंतरच्या दोन वर्षांत आमच्या केंद्रातल्या पाच जणांनी माझ्याकडून नंबर नेला. पाचही जणांच्या दाखल्यावर बीपी आहे.

तेव्हा काय लिहायचं ते वहिनींना ठरवू दे. आपण दोन्हीकडून ओढू नये.

आणि कुलपाचं. माझी शाळाही तेव्हा एकशिक्षकीच झाली होती. दीड वर्ष दुसरा शिक्षक मागत होतो, अर्जांची फाईल इतकी जाड. मी रजेवर गेलो त्याच्या तिसऱ्या दिवशी कामगिरीवर, म्हणजे तात्पुरते, दोन शिक्षक दिले. दोन! तुम्ही उभे आहात तोवर कोणी देत नाही.

चावडीवरचा
हे खरं आहे. माझ्याही केंद्रात मी असंच केलंय. रिकामी शाळा दिसली की साहेब विचारतात. एकटा शिक्षक असलेली शाळा "चालू" म्हणून जाते.

निरंक
(विनोद सुचला नाही.)

माणगंगा
सर्वांचे आभार. आठ दिवस इकडे आलो नाही, आता एकदम सगळं वाचून काढलं. खडूफळा सरांचा प्रतिसाद मिसेसला वाचून दाखवला. "येरवड्याला" ऐकून ती हसली. महिनाभरात पहिल्यांदा.

परवा सिव्हिलला जाऊन आलो. रांगेत आमच्या पुढे तिच्याच तालुक्यातले एक गुरुजी होते. दोघांनी एकमेकांना बघितलं, ओळख दिली नाही, आणि बाहेर पडल्यावर चहाच्या गाड्यावर त्यांनीच पैसे दिले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, तीन आठवड्यांनी परत बोलावलंय. रजा ३० दिवसांची टाकली. दाखल्यावर काय लिहिलंय ते तिने मला दाखवलं नाही, मीही मागितलं नाही.

शाळेवर कालपासून कामगिरीवर एक सर आलेत. दोन नाही, एकच. आल्या आल्या त्यांनी फोन केला, "मॅडम, तांदळाचा साठा रजिस्टरला ४ किलो जास्त दिसतोय, कसा जुळवू?" मी फोन घेतला आणि सांगितलं, मॅडम झोपल्यात. खरंच झोपली होती, दुपारी बाराला. फोन आता माझ्याकडे असतो. दुकानात गिऱ्हाईक असताना तिच्या ग्रुपचं टिंग टिंग ऐकू येतं आणि मलाच धडधडतं.

टवाळ_तात्या
ग्रुप म्यूट करा हो दादा! नाहीतर पुढचा धागा तुमच्या मिसेसना काढावा लागेल.

वऱ्हाडी_ठसका
लई बरं वाटलं भाऊ. वहिनीले नमस्कार सांगा.

सह्यांकित_प्रत
माणगंगा, एक लक्षात ठेवा. रुजू होताना तंदुरुस्तीचा दाखला लागतो, तो त्याच डॉक्टरांकडून आधीच मागून ठेवा. मूळ प्रत आवक-जावकला द्या, झेरॉक्सवर शिक्का घ्या. आणि शिपायाच्या हातात देऊ नका, सरळ लिपिकाकडे.